उंबऱ्यावरची पिठाची रेघ

सुपडूआप्पांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नमस्कार केला नाही, माझा वास घेतला.

सुरतेजवळ, भेस्तानच्या पुढे उसाच्या शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर त्यांचं फाटक होतं. आम्ही डिंडोलीच्या शाळेतले आठ शिक्षक एका रविवारी शेत बघायला गेलो होतो. फाटक अर्धंच उघडलेलं आणि त्या अर्ध्यात एक उंच, वाळलेले म्हातारे गृहस्थ उभे. पांढरा पायजमा, खांद्यावर पंचा, आणि चेहऱ्याच्या जरा पुढेच चालणारं नाक. एकेकाला ते जवळ बोलवत, मान पुढे करत, एक श्वास आत घेत आणि मग बाजूला होऊन वाट देत. आमच्या मुख्याध्यापकांना त्यांनी सरळ हातपंपाकडे पाठवलं, कारण अत्तर. माझ्यापाशी आले आणि थांबले. दुसऱ्यांदा वास घेतला.

"लवंग," ते म्हणाले.

"घसा बसलाय," मी सांगितलं.

"लवंग कोन खास, माहीत शे का, मास्तर? ज्याले वास दपाडना ऱ्हास, तो खास."

ज्याला वास लपवायचा असतो तो लवंग खातो. इतकं बोलून त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशातली वही पाहिली, तिच्याकडेही संशयाने पाहिलं आणि मला आत सोडलं. आम्ही आत गेलो तेव्हा त्यांनी आठ मोजले. परत निघालो तेव्हाही आठ मोजले, आणि नववा कुणी निघत नाही ना म्हणून रस्ता रिकामा होईपर्यंत फाटकात उभे राहिले.

शेत म्हणजे सहा विघे ऊस, रस काढायची चरखी, पत्र्याची लांब शेड, आणि शेडच्या टोकाला एक दगडी खोली. त्या खोलीत जुनी लाकडी पिंपं होती आणि पिंपांत सरको. सरको म्हणजे उसाच्या रसाचं व्हिनेगर. सुरतेकडचे पारशी तो लोणच्यात आणि मटणात घालतात, आणि बाटलीतल्या पांढऱ्या व्हिनेगरला नावं ठेवतात. आप्पा तरुणपणी धुळे जिल्ह्यातून यंत्रमागावर कामाला आले. पुढे खोरशेदबाई नावाच्या एका पारशी म्हातारीच्या वाडीत राखणीला लागले. सरको त्यांना तिने शिकवला, आणि जाताना पिंपं त्यांच्या हवाली केली. मी ओळखू लागलो तेव्हा काम तिघांचं होतं, आप्पांचं, मुलगा भास्करचं आणि सून रेखाचं. शनिवार-रविवारी शहरातून, अडाजण-वेसूकडून गाड्या भरून लोक यायचे. रेखा त्यांना ऊस दाखवायची, भास्कर चरखी चालवून रस पाजायचा, आणि दगडी खोलीच्या दारात आप्पा धडा द्यायचे.

धड्यासाठी एक लाकडी टेबल होतं. त्यावर काचेच्या तीन बरण्या. पहिलीत ताजा रस, शेवटचीत वर्षभर मुरलेला, चहाच्या रंगाचा सरको. मधली बरणी रिकामी, आणि तिच्यावर पितळी तांब्या पालथा घातलेला.

त्या मधल्या बरणीविषयी सांगायला हवं, कारण आप्पांचा सगळा स्वभाव त्या तांब्याखाली होता. रसाचा सरको एकदम होत नाही. आधी रस आठ-दहा दिवस फसफसतो, मग गप्प होतो. गप्प झाल्यावर पिंपात जे असतं ते प्यायलं तर चढतं. मग त्यात मागच्या वर्षीचा सरको आणि त्यावर धरणारी जाड साय घालायची. तिला ते 'आई' म्हणत. आई पडली की हळूहळू सगळं आंबट होतं आणि पिण्याजोगं राहत नाही. पण इथे घाई चालत नाही. रसातली साखर पुरती संपायच्या आत आई घातली तर सरको पांचट होतो. थांबावं लागतं, पंधरा दिवस, कधी वीस. घरात या काळाला 'मधले दिवस' म्हणत. सरको करायचा परवाना रीतसर होता, पण हे गुजरात, इथे दारूबंदी. मधल्या दिवसांतला एक तांब्या त्या खोलीबाहेर गेला असता तर परवानाही गेला असता आणि माणसंही.

पाहुण्यांना हे अर्धवट माहीत असायचं. त्यामुळे दर रविवारी कुणीतरी डोळा मारून विचारायचंच, "काका, वचलुं चखाडो ने." काका, मधलं चाखवा ना.

आप्पा शांतपणे सांगत, "वचलुं नथी. पहेलुं छे ने छेल्लुं छे." मधलं नाही, पहिलं आहे आणि शेवटचं आहे.

एकदा माझे साडू नाशिकहून आले होते. त्यांच्याकडे द्राक्षांच्या बागांमध्ये वायनऱ्या आहेत, लोक सुट्टीला जातात, कुटुंबाने चालवलेल्या बागेत फिरतात, मालक स्वतः समजावून देतो. साडूंना ते सगळं पाठ. त्यांनी बरणीवरच्या तांब्याला बोट लावलं आणि म्हणाले, "आप्पा, आमच्याकडे याला वाइन म्हणतात. पाहुण्याला पहिली तीच देतात."

"म्हनीसन तुम्हनाकडे सरको व्हत नही," आप्पा म्हणाले. म्हणूनच तुमच्याकडे सरको होत नाही.

लोक हसले. साडूही हसले. मग आप्पांनी त्यांना हाताला धरून पिंपापाशी नेलं. "कान लावा. नाक लावा. जीभ नही." साडूंनी पिंपाला कान लावला. आत बारीक बुडबुडे फुटत होते, दूरवर कुणीतरी कुजबुजत असल्यासारखे. आप्पांना स्वतःला ते ऐकू येत नसे. यंत्रमागाने त्यांचे कान कधीच अर्धे नेले होते. ते पिंपावर तळहात ठेवत आणि हाताने ऐकत. रस केव्हा गप्प झाला हे त्या तळहाताइतकं अचूक भास्करच्या उपकरणालाही कळत नसे, आणि भास्कर रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला होता.

निवृत्त झाल्यावर मी रविवारी सकाळीच तिकडे जाऊ लागलो. पाहुण्यांना द्यायचा माहितीचा कागद गुजरातीत लिहून देणं, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लिहिणं, असली कामं मी अंगावर घेतली. सुरतेत बत्तीस वर्षं काढल्यामुळे माझं गुजराती बरं आहे. आप्पा माझ्याकडून सगळं दोनदा वाचून घेत. तिसऱ्यांदा पाहुण्यांपैकी कुणाला तरी वाचायला लावत आणि दोन्ही वाचनं जुळतात का ते लक्ष देऊन ऐकत. मला प्रथम अपमान वाटला. मग पाहिलं की ते कुलूप लावल्यावर तीनदा ओढतात, रेखाने मोजलेल्या बाटल्या पुन्हा मोजतात, आणि दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून ते बोट उन्हात धरतात. तेव्हा अपमान वाटेनासा झाला. सगळ्यांबरोबर सारखाच संशय असेल तर तो सोसता येतो.

भास्कर आणि रेखाला मात्र तो सोसत नव्हता. कारण मधल्या दिवसांत आप्पा दगडी खोलीच्या उंबऱ्यावर तांदळाच्या पिठाची रेघ ओढत.

संध्याकाळी कुलूप लावून झालं की ते ओंजळभर पीठ घेऊन बसत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड वीत रुंद, पातळ पट्टा घालत. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून तो तपासत. पाहुण्यांना वाटायचं काही पूजा असेल, ते फोटो काढायचे. एका बाईने तर वाकून नमस्कार केला होता. घरच्यांना खरं माहीत होतं. खोलीच्या किल्ल्या दोन होत्या, एक आप्पांच्या कमरेला, एक भास्करकडे. म्हणजे रेघ कुणासाठी?

"सर, तुम्हीच सांगा," रेखा मला चहा देताना हळू आवाजात म्हणाली. "मी या घरात आले त्याला नऊ वर्षं झाली. अजून माझ्या पावलांचा माग काढतात. पाहुण्यांना शिकवताना तोंडभर हसायचं आणि मनात हे."

मी काय सांगणार? मला वाटलं, कित्येक वर्षं यंत्रमागाच्या खोल्यांत पंधरा-पंधरा माणसांबरोबर राहिलेला माणूस. तिथे टॉवेलसुद्धा चोरीला जातो. सवय जात नाही.

त्याच थंडीत एकदा मी नेहमीपेक्षा लवकर पोहोचलो. ऊन नुकतं शेडच्या पत्र्यावर आलं होतं. आप्पा उंबऱ्यापाशी उकिडवे बसले होते. पिठाच्या रेघेत मधोमध एक पाऊल उठलं होतं, स्वच्छ, पाची बोटांसकट. भास्कर चार हातांवर, चरखीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. त्याच्या उजव्या पायाला पीठ लागलेलं मला दिसलं, आणि त्याने ते पुसलेलं नव्हतं. त्याने मुद्दाम पाय दिला होता.

आप्पांनी चप्पल काढली. आपला पाय त्या ठशाशेजारी हलकेच टेकवला आणि उचलला. दोन ठसे शेजारी शेजारी. पहिला चांगला दोन बोटं मोठा होता. आप्पा बराच वेळ पाहत राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं जे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. लहान मुलाला हरवलेली वस्तू सापडावी तसं.

"मना पाय नही," ते म्हणाले. माझा पाय नाही.

"नाहीच तुमचा," भास्कर म्हणाला. "माझा आहे. मी दिलाय. सापडला चोर? झालं समाधान?"

"तू मजार गया व्हता?"

"नाही गेलो आत. फक्त पाय दिला. कुलूप बघा. आप्पा, मी बी.एस्सी. झालोय, चोर नाही झालो. तुम्ही हसताय कसले?"

आप्पांचं हसू गेलं. त्यांनी तळहाताने दोन्ही ठसे पुसले आणि फाटक उघडायला निघून गेले, कारण पहिली गाडी आली होती. त्या दिवशी बापलेकांनी शंभरेक पाहुण्यांना सरको शिकवला आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. भास्करच्या जागी मी असतो तरी हेच समजलो असतो, की बापाला मुलगा पकडल्याचा आनंद झाला. खरं तर मीही तेच समजलो.

पुढच्या वर्षी ऊस चरखीला लागायच्या सुमारास आप्पा माझ्या घरी आले. डिंडोलीत, तिसऱ्या मजल्यावर, भर दुपारी, न कळवता. दारात उभं राहून त्यांनी आधी घराचा वास घेतला. बायकोने चहा दिला तेव्हा म्हणाले, "वेलदोडा." मग बायको स्वयंपाकघरात जाईपर्यंत गप्प बसले.

"अर्ज लिखना शे," ते म्हणाले. "गुजरातीमा. नाव टाकनं नही."

निनावी अर्ज. दारूबंदीचं काम पाहणाऱ्या खात्याला. मी पेन खाली ठेवलं. माझ्या मनात पिठातलं पाऊल आलं, आणि मला या माणसाची किळस आली, हे कबूल करतो. मी म्हणालो, "आप्पा, स्वतःच्या मुलाविरुद्ध अर्ज मी लिहिणार नाही."

"पोऱ्यानं नाव कोनी लिधं?" मुलाचं नाव कोणी घेतलं? ते खरंच चिडले. "मनं नाव लिखा. सुपडू."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं बोलणं मी इथे माझ्या भाषेत देतो, कारण ते तुटक बोलत होते आणि मधून मधून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.

यंत्रमागावर असताना आप्पा प्यायचे. आठवड्याला नाही, रोज. लवंग खाऊन कामावर जायचे. खोरशेदबाईंकडे राखणीला लागले तेव्हाही पीत होते. तिने पहिल्याच दिवशी ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी दगडी खोलीची किल्ली त्यांच्याच हातात दिली. म्हणाली, तू राख. आप्पा म्हणाले, मी पितो. ती म्हणाली, म्हणून तर तुला दिली, पिणाऱ्याइतकी राखण कोण करील? त्या दिवसापासून थेंब नाही. भास्कर त्यानंतर दोन वर्षांनी जन्मला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. आई त्याची लवकर गेली, सांगणारं कुणी उरलं नाही.

"मग आता भीती कसली?" मी विचारलं. "इतकी वर्षं झाली."

"सपनमा अजून पेस मी, मास्तर."

मधले दिवस आले, तो गोड वास शेडमध्ये भरला, की ते स्वप्नात पीत. रोज. किल्ली काढत, कुलूप उघडत, तांब्या भरत, पीत. तोंडाला चव यायची. सकाळी जाग आली की समजायचं नाही, स्वप्न होतं की खरंच जाऊन आलो. किल्ली तर कमरेलाच असायची. म्हणून पिठाची रेघ. ते रोज सकाळी उठून स्वतःचं पाऊल शोधायचे.

"माले मनाच भरोसा नही," ते म्हणाले. मला माझाच भरवसा नाही.

"हे भास्करला सांगा ना. एवढं एक वाक्य सांगा. तो रोज मरतोय."

आप्पांनी मान हलवली. "पोऱ्याले बाप संशयी चालस, मास्तर. पेताड चालत नही."

मुलाला संशयी बाप चालतो, दारुडा चालत नाही. अर्ज त्यांनी सांगितला तसा मी लिहिला. अमुक शेतावर सुपडू नावाचा इसम राहतो. येत्या मधल्या दिवसांत तो पिंपातला माल पिण्याची शक्यता आहे. साहेबांनी येऊन त्याला तपासावं. मुलगा आणि सून चांगली माणसं आहेत, त्यांना त्रास देऊ नये. हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग शपथ. टेबलावर एक जाड पुस्तक पडलं होतं, त्यावर माझा हात ठेवायला लावला.

"कोन्तं पुस्तक शे?"

"शब्दकोश."

"चाली," ते म्हणाले. चालेल. "भास्करले सांगनं नही."

मी हात ठेवला.

खात्याचा माणूस आला. त्याने पिंपं मोजली, काठी बुडवून पातळी पाहिली आणि शेवटी, पाहुण्यांच्या देखत, आप्पांच्या तोंडाचा वास घेतला. मी तिथे होतो. आप्पांनी डॉक्टरपुढे उघडावं तसं तोंड उघडलं, डोळे मिटले, आणि तो माणूस "कंई नथी" म्हणून मागे सरकला तेव्हा त्यांची छाती फुगली. भास्करने मात्र मान फिरवली होती. बापाच्या तोंडाचा वास परक्याने घ्यावा हे त्याला बघवलं नाही.

दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी. तिसऱ्या वर्षी तपासणी झाल्यावर भास्कर माझ्यापाशी आला. आप्पा शेजारीच तिन्ही बरण्या पुसत होते.

"सर, एक विचारू? तुम्ही वहीत काय लिहिता?"

"असंच. शब्द, म्हणी. आप्पा बोलतात ते."

"साहेब म्हणाले, अर्ज फार सुंदर गुजरातीत आहे. आमच्या ओळखीत सुंदर गुजराती लिहिणारा माणूस एकच आहे." त्याचा आवाज चढला नाही. तो सभ्य मुलगा आहे. "अर्जात कोणाचं नाव आहे ते त्यांनी सांगितलं नाही. पण मला कळतं. सर, तुम्ही आता येत जाऊ नका."

मी आप्पांकडे पाहिलं. ते मधली बरणी पुसत होते. रिकामी, कोरडी बरणी. पुसून झाली, त्यांनी तिच्यावर तांब्या पालथा घातला, आणि मान वर केली नाही. रेखाने माझ्यासाठी आणलेला चहा परत नेला.

त्यानंतर चार हिवाळे मी शेतावर गेलो नाही. आप्पा मात्र दरवर्षी ऊस चरखीला लागायच्या सुमारास डिंडोलीला येत. एकदा मी रागावलो. "आप्पा, तुमच्यापायी मी चुगलखोर ठरलोय. भास्कर बाजारात दिसला तर रस्ता बदलतो."

"तुम्ही मास्तर शेतस," ते म्हणाले. "मास्तरले लोके माफ करतीन."

याला उद्धटपणा म्हणावा की विश्वास, मला आजही ठरवता येत नाही. त्यांच्या संगतीत मीही बिघडलो होतो. एका वर्षी ते आले तेव्हा त्यांचे डोळे लाल दिसले. जोडे काढायला वाकले तेव्हा मी नकळत पुढे झुकलो आणि श्वास आत घेतला. त्यांनी वाकल्या वाकल्याच विचारलं, "काय वास ऊना?"

मी ओशाळलो. "साबणाचा."

"बरोबर." सरळ उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "असाच लेत जा." असाच घेत जा. इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेली ती एकच शाबासकी.

या वर्षी भाद्रपदात आप्पा गेले. चार दिवसांचा ताप, दवाखाना, आणि संपलं. मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही दूधवाल्याकडून. दहाव्याला गेलो आणि लांब, फाटकाजवळ उभा राहिलो. भास्करने पाहिलं. बोलला नाही. जा असंही म्हणाला नाही.

हिवाळा आला. ऊस चरखीला लागला असेल, रस गप्प झाला असेल, हे मी घरात बसून मोजत होतो. आणि एका दुपारी बेल वाजली. दारात भास्कर होता. तो आत आला, पण बसला नाही.

"यंदा खात्याचा माणूस आला नाही," तो म्हणाला.

मी त्याच्यासाठी खुर्ची पुढे केली.

"सात वर्षं आला. आप्पा गेले आणि अर्ज थांबला. तुम्ही जिवंत आहात, सर, तरी थांबला. म्हणजे लिहीत असाल तुम्ही, पण करत होते आप्पा. माझ्यावर. तोंडाचा वास आप्पांचा घ्यायचे तो नुसता देखावा. माझा बाप सात वर्षं माझ्यावर अर्ज करत होता. एवढंच विचारायला आलोय. हो की नाही?"

मी शब्दकोशाकडे पाहिलं. तो त्याच टेबलावर होता. शपथ मोडताना काही तरी व्हावं असं वाटतं, काही होत नाही. मी कपाटातून वही काढली. अर्ज पाठवण्याआधी मी त्यांचा कच्चा मजकूर वहीत करत असे, सातही तिच्यात होते. मी पहिलं पान उघडून त्याच्यापुढे धरलं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

तो वाचत असताना पानं उलटल्याचा आवाज येत होता. सातही अर्ज त्याने वाचले. शेवटचं वाक्य प्रत्येकात तेच होतं. मुलगा आणि सून चांगली माणसं आहेत. मग मी त्याला लवंगेचं सांगितलं, खोरशेदबाईंचं, स्वप्नांचं. फार वेळ लागला नाही. त्याने मध्ये एकदाच विचारलं.

"त्या दिवशी हसले होते ते..."

"त्यांचा पाय नव्हता म्हणून."

भास्कर खुर्चीत बसला. आमच्या खालच्या गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला, परत आला, पुन्हा गेला. बायकोने ठेवलेल्या चहावर साय धरली. शेवटी तो उठला. "ही वही मी नेऊ का?" म्हणाला. मी दिली. जिना दोन पायऱ्या उतरून तो थांबला आणि वर न बघता विचारलं,

"पीठ कुठलं घ्यायचे आप्पा? तांदळाचं की ज्वारीचं?"

"तांदळाचं," मी सांगितलं. "ज्वारीच्यात बोटं नीट उठत नाहीत."

त्याने मान हलवली. "रविवारी या, सर. पाहुण्यांचा कागद जुना झालाय."

आप्पांना मी शेवटचं पाहिलं ते मागच्या हिवाळ्यात, सातवा अर्ज टाकायला आम्ही दोघे खाली उतरलो तेव्हा. पाकीट बंद करायच्या आधी त्यांना माझी खात्री करून घ्यायची होती. मी लिहिलं तेच लिहिलं ना. रस्त्यावरून कॉलेजची एक मुलगी चालली होती, तिला त्यांनी थांबवलं. "बेन, वांची आपो ने." तिने उभ्या उभ्या सगळा अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. आप्पा डोळे मिटून, कानामागे तळहात धरून ऐकत होते. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "काका, आ सुपडू कोण छे?"

"छे एक," आप्पा म्हणाले. "एना पर नजर राखवी पडे." आहे एक जण, त्याच्यावर नजर ठेवावी लागते.

पाकीट पेटीत टाकलं. मग फटीत बोटं घालून ते खरंच खाली पडलं का ते चाचपलं. शेअर रिक्षा आली. ते मागच्या सीटवर दोन माणसांच्या मध्ये शिरून बसले, डावीकडच्याचा वास घेतला, उजवीकडच्याचा घेतला, आणि नाक मुरडून सरळ समोर बघू लागले. रिक्षा हलली तरी मी पेटीपाशीच उभा होतो. ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मान बाहेर काढून माझ्याकडे रोखून पाहिलं, मग पेटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि हाताने खूण केली, की घरी जा, इथे कशाला थांबलात.

रिक्षा वळेपर्यंत ते मागे बघत होते. मी निघालो की नाही याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.